मामाजींच्या मोटारीचे दिवे

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्या भागात तशीच रीत होती. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मामाजींनी मोटार घेतली. कारण एकच, राळेगावच्या त्यांच्या साडूनं अजून घेतली नव्हती.

आमचं गाव बाभुळगावपासून थोडं आत, बेंबळा नदीच्या काठावर. घरची शेती कापसाची आणि तुरीची. शेतीतलं मामाजींना सगळं कळत असे, आणि शेतीबाहेरचंही आपल्याला सगळंच कळतं असा त्यांचा समज होता. यवतमाळहून बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची जुनी विलायती गाडी त्यांनी घेतली. साहेबानं बंगल्यासमोर बराच वेळ उभं राहून गाडीतलं एकेक समजावून सांगितलं, तेही इंग्रजीत. मामाजी "येस, येस" म्हणत राहिले आणि त्यांचं सगळं लक्ष भोंग्यावर होतं. घरी आले तेव्हा भोंगा तोंडपाठ झाला होता. बाकीचं विचारलं तर म्हणाले, "बाकी सोपं हाय."

बाकी अजिबात सोपं नव्हतं. स्टिअरिंगशेजारच्या फळीवर एक काळी, ओढायची खुंटी होती. तिच्या वर गुंजेएवढा लाल दिवा. फळीच्या खाली साहेबानं मागाहून बसवून घेतलेला एक खटका. आणि अगदी तळाशी, क्लचच्या डाव्या अंगाला, पत्र्यातून वर आलेला एक लोखंडी खुंट. गाडीच्या तोंडावर दोन मोठे दिवे, दोन बारके, आणि बंपरजवळ खाली पिवळ्या काचेचा एकटाच एक. कशानं काय पेटतं आणि कशासाठी पेटतं, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रत्येकाचं मत होतं.

सगळ्यात ठाम मत ड्रायव्हरचं. तो गावाजवळच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले, त्यामुळे वाहन हाकणं आपल्या रक्तातच आहे असं तो सांगत असे. प्रत्यक्षात तो एका ट्रकवर क्लीनर होता आणि उस्ताद झोपला की गाडी चालवायचा. लाल दिव्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. लाल म्हणजे इंजिन तापलं. दिवेलागणीला मोठे दिवे लावले की तो लाल ठिपका पेटायचा. ड्रायव्हर "याडी!" म्हणून कपाळावर हात मारायचा, गाडी थांबवायचा आणि डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघायचा. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बाभुळगावच्या बाजारातून परत येताना त्याला वाटेत इतक्यांदा आई आठवायची, की आत्याबाईंची मेथी मांडीवरच सुकून जायची. पाणी पाजलं, गाडी सुरू केली, मोठे दिवे लावले, की पुन्हा लाल. शेवटी कंटाळून तो बारक्या दिव्यांवर चाचपडत घरी आणायचा, आणि तेव्हा मात्र लाल काही पेटायचा नाही.

"पाह्यलं का मालक," तो म्हणायचा, "अंधारात इंजन थंड राह्यते."

मामाजींना हे पटायचं. त्यांनाही अंधारात बरं वाटायचं.

खालच्या खुंटाबद्दल ड्रायव्हरचं म्हणणं, की विलायतेत कोणीतरी तो बोल्ट कसायचा विसरला. पायाला टोचू नये म्हणून त्यानं त्यावर गोणपाट टाकून ठेवलं होतं. कधी चुकून त्यावर टाच पडली की उजेड रस्त्यावर आपटल्यासारखा खाली यायचा. मग तो म्हणायचा, "वायर ढिली हाय."

पिवळा दिवा मामाजींनी स्वतःच्या अखत्यारीत घेतला होता. रंग हळदीचा, म्हणजे दिवा शुभकार्याचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. बाजारातून जाताना भर दुपारी ते फळीखालचा खटका दाबायचे, आणि चकचकीत उन्हात तो पिवळा दिवा मिणमिणत पुढे जायचा. लोक हात जोडायचे. कोणाला जोडायचे ते मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा नवीनच होते. नवरा नागपूरला वकिली शिकत होता आणि सुट्टीत पाहुण्यासारखा येत होता. माझं माहेर पुसदचं. तिथे भावाची सायकल मी पुष्कळ फिरवली होती. ही गोष्ट सासरी लग्नानंतर कळली, तेव्हा मामाजी दोन जेवणं माझ्याशी बोलले नव्हते. आत्याबाई मात्र मला एकटीला गाठून म्हणाल्या होत्या, "पडली नाई का वो कधी?" त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, हेवा होता.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ड्रायव्हर तांड्यावर लग्नाला गेला होता, आणि मामाजी दोन बैलांची दमणी जुंपून शेजारच्या गावी बैल पाहायला. दिवेलागण झाली. आत्याबाई देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या, अंगणातल्या मोटारीकडे पाहत जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाल वो पोरी. आज या डबड्याले विचारू, काय दुखते तुले."

"किल्ली मामाजींकडे आहे," मी म्हटलं.

"किल्ली कायले पाह्यजे? आपल्याले कुठी जायचं हाय?"

दार उघडून त्या सरळ स्टिअरिंगमागे बसल्या. इतके महिने त्या मागच्या सीटवर पिशव्यांच्या मध्ये बसत आल्या होत्या. लुगडं आवरून, ऐसपैस मांडी करून बसल्या आणि मग हसल्या, कारण मांडी घातली की पाय खाली पुरेनात. गाडीचं तोंड गोठ्याच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीकडे होतं. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

"वढू?"

"ओढा."

खुंटी एक टप्पा बाहेर आली.

"बारके लागले, आत्याबाई."

"अजून वढू?"

"ओढा."

दुसरा टप्पा झाला आणि भिंत छपराच्या कवेलूंपर्यंत उजळली. भिंतीशी बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. आत्याबाई आतून ओरडल्या, "लाल लागला वो! इंजन तापलं!"

"इंजिन सुरूच नाही आपण केलं."

मग आत्याबाई खाली उतरल्या, पुढे आल्या आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा हात त्यांनी बोनेटला लावला. इकडे लावला, तिकडे लावला.

"थंडगार हाय," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी ड्रायव्हरबद्दल जे काही म्हटलं ते मी लिहीत नाही, पण त्यात प्रत्येक बाजारच्या मेथीचा हिशोब होता.

पुन्हा जाऊन बसल्या. "इथी गोणपाटाखाली एक खुंट हाय. टोचून राह्यला."

"तो दाबून पाहा."

त्यांनी दाबला. भिंतीवरचा उजेड कवेलूंवरून सर्रकन् खाली उतरला आणि म्हशीच्या पायांवर येऊन थांबला.

"लाल गेला!"

"पुन्हा दाबा."

उजेड वर. "लाल आला!"

पुन्हा खाली. पुन्हा वर. खाली. वर. आत्याबाईंचा पाय थांबेना. म्हैस मान वरखाली करून थकली. मी धावत जाऊन शेजारी बसले, तर त्यांचे डोळे हसून हसून ओले झाले होते. माझी पाळी यायला मला चक्क विनवणी करावी लागली.

"म्हंजे असं," पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "मोठा दिवा वर पाह्यते तवा लाल. खाली पाह्यते तवा लाल नाई. एवढंच?"

"एवढंच."

"अन् यासाठी मी रस्त्यात उभी राहून मच्छर मारले?"

मग आम्ही मोठे दिवे बंद करून फळीखालचा मामाजींचा शुभ खटका दाबला. पिवळा उजेड भिंतीवर गेलाच नाही. गाडीच्या तोंडाशी, सांडलेल्या वरणासारखा जमिनीवर दोन्हीकडे पसरला. भिंतीच्या कडेची नाली, तिच्यातला दगड, सगळं पिवळंपिवळं दिसायला लागलं.

"हा तं भुईवर लोळून राह्यला. याचा काय उपेग?" आत्याबाई म्हणाल्या.

मला पुसदची आठवण झाली. थंडीत पहाटे नदीकाठी धुकं असायचं आणि सायकलचा दिवा समोर धरला की सगळा उजेड पांढरा होऊन माझ्याच डोळ्यांत परत यायचा. मग भाऊ दिव्याची मान वाकवून खाली करायचा. मी म्हटलं, "हा धुक्यासाठी असेल. खालून पाहायला."

आत्याबाईंनी ऐकलं, पण त्यांचं मन खुंटावरच होतं. "अजून एकदा थो वरचा लाव," म्हणाल्या. आम्ही मोठे दिवे लावले, त्यांनी खुंट दाबला, उजेड वर गेला, आणि नेमकी त्याच वेळी भिंतीशेजारच्या फाटकातून मामाजींची दमणी आत वळली.

बैलांनी असला उजेड जन्मात पाहिला नव्हता. ते जे बुजले ते कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर चढले, आणि मामाजी दमणीतून निघून त्याच ढिगात बसले. टोपी एकीकडे, चष्मा एकीकडे.

"कोन हाय रे हरामखोर!" ते डोळ्यांवर आडवा हात धरून ओरडले. "खाली कर थो उजेड! खाली कर!"

आत्याबाईंनी शांतपणे खुंट दाबला. उजेड खाली आला.

पऱ्हाटीच्या काड्या धोतरातून उपटत मामाजी गाडीजवळ आले, आत कोण बसलंय ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आत्याबाई त्यांना लाल दिव्याचं सांगू लागल्या. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मले माहीतच होतं. म्या मुद्दाम सांगतलं नाई."

पाणी पाजणं त्या दिवसापासून बंद झालं. ड्रायव्हरनं लाल दिवा आता सुधारला असं सांगितलं. पण खुंटाचा उपयोग कळल्यावर नवीनच संकट उभं राहिलं. समोरून गाडी आली की उजेड खाली करायचा असतो, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, हे मी ड्रायव्हरला समजावून सांगत होते. मामाजींनी ते ओसरीवरून ऐकलं.

"काहून?" ते म्हणाले. "समोरचा आला का आपन नजर खाली घालायची? आपन काय नवी नवरी हाओ?"

घरातली नवी नवरी तिथेच उभी होती. तिनं नजर खाली घातली, पण हसू लपवण्यासाठी.

त्या दिवसापासून हुकूम निघाला की मालकाच्या गाडीचा उजेड कोणापुढेही उतरणार नाही. यवतमाळच्या रस्त्यावरचे ट्रकवाले तसेच ताठ. दोन्हीकडून भगभगीत उजेड, दोन्ही ड्रायव्हर आंधळे, आणि दोन्हीकडून मायबहिणींचा उद्धार. एकदा आमची गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात गेली. तूर परक्याची होती. मामाजी सीटवरच ताठ बसून म्हणाले, "पन वाकलो नाई." मागून आत्याबाई म्हणाल्या, "नाई वाकले. आडवे झालो."

माघात पुसदला माझ्या भावाचा साखरपुडा ठरला. मुहूर्त सकाळचा, म्हणून आम्ही पहाट फुटता फुटता निघालो. पुढे ड्रायव्हर आणि मामाजी, मागे मी आणि आत्याबाई, मधे साखरपुड्याच्या साड्या. गावाची शीव ओलांडली आणि बेंबळेच्या उतारावर धुक्यानं गाडी गिळली. असं धुकं आमच्याकडे क्वचितच पडतं. झाड नाही, बांध नाही, रस्ता नाही.

"मोठे लाव!" मामाजी म्हणाले. "वरचा उजेड! पूर्ण!"

ड्रायव्हरनं लावला. काचेसमोर पांढरी भिंत उभी राहिली.

"मालक, नुसता कापूसच कापूस दिसून राह्यला."

"मंग हळू चाल. मी उतरतो अन् पुढं चालतो. माया मागं मागं ये."

कोणी काही म्हणायच्या आत मामाजी उतरले आणि गाडीपुढे चालू लागले. त्यांनी साखरपुड्यासाठी पांढरं परीटघडीचं धोतर, पांढरा कोट आणि पांढरी टोपी घातली होती. चार पावलांत ते धुक्यात विरघळले.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "मालक?"

त्यानं खिडकीतून डोकं काढून पुन्हा हाक मारली.

"मालक गेले," ड्रायव्हर घाबरून म्हणाला. "आता गाडी पुढं घेऊ का नोको? अंगावर गेली म्हंजे?"

उताराच्या खाली नदी होती, आणि रस्त्याला कठडा नव्हता. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मधल्या साड्या माझ्याकडे सरकवल्या, दार उघडलं, बाहेरून चाचपत पुढे गेल्या आणि मामाजींच्या जागेवर येऊन बसल्या.

"मोठे बंद कर," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"बाई, अंधार होईन."

"कर म्हनलं ना."

त्यानं खुंटी आत ढकलली. पांढरी भिंत गेली, करडं धुकं राहिलं. आत्याबाईंनी हात लांबवून खटका दाबला.

पिवळा उजेड धुक्याच्या खालून, जमिनीला धरून पसरला. आधी रस्त्याची कड दिसली, मग कडेचं गवत. आणि गवतात, गाडीपासून हाकेच्याही अलीकडे, मामाजींचे नवे जोडे दिसले, त्यावर पोटऱ्या, आणि वर आवरून धरलेलं धोतर. मामाजी धुक्याच्या भरवशावर, आमच्याकडे पाठ करून लघवीला बसले होते. म्हणूनच त्यांनी ओ दिली नव्हती.

ते फक्त आम्हालाच दिसले असते तर निभावलं असतं. पण त्यांच्या पलीकडे कापसानं भरलेल्या बैलबंड्या रांगेनं उभ्या होत्या. सरकी काढायला यवतमाळच्या जिनात निघालेले गाडीवान धुकं फिटायची वाट पाहत विड्या ओढत बसले होते, आणि हा पिवळा सोहळा त्यांनाही दिसला.

"रामराम, पाटील!" त्यातला एक म्हणाला.

बसल्या जागेवरून मामाजींनी "रामराम" केला. दुसरं काय करणार होते?

ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते. मी साड्यांमध्ये तोंड खुपसलं. आत्याबाई समोर पाहत बसल्या होत्या, चेहऱ्यावरची रेषा हलू न देता. पण त्यांनी खटका काही बंद केला नाही.

जरा वेळानं मामाजी आले. पुढच्या दाराशी थांबले. आत्याबाई आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मामाजी मागचं दार उघडून माझ्या शेजारी, साड्यांच्या पलीकडे बसले.

"चाल," आत्याबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "बंड्यांच्या उजव्या अंगानं घे. धीरानं."

नदी ओलांडेपर्यंत त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगत होत्या. वारा त्यांच्या तोंडावर येत होता, पदर डोक्यावरून कधीच मागे गेला होता, आणि तो सावरायचं त्यांना सुचलंही नाही. मामाजींनी ते पाहिलं असणार.

यवतमाळ गाठेपर्यंत ऊन पडलं. पुसदला मुहूर्त थोडक्यात साधला. जेवणावळीत मामाजींचा आवाज परत आला आणि धुक्यात गाडी कशी काढायची हे ते माझ्या वडिलांना सांगू लागले. "मोठे दिवे बंद करायचे. खालून पिवळा सोडायचा. या आमच्या लोकांले ठाऊक नाई." बायकांच्या पंगतीत आत्याबाईंनी ते ऐकलं आणि आणखी एक जिलबी मागितली.

परतताना यवतमाळच्या अलीकडे अंधार पडला. पुढे आत्याबाई, मागे मामाजी, सकाळची मांडणी कोणी बदलली नव्हती. समोरून एस.टी. आली. ड्रायव्हरनं सवयीनं आरशातून मालकाकडे पाहिलं. तेवढ्यात एस.टी.नंच आपला उजेड खाली केला.

मामाजी पुढे वाकले. "यानं काहून केला?"

"आपल्याले दिसावं म्हनून, मालक."

"एवढी मोठी गाडी. आपल्यासाठी?" त्यांनी टोपी सारखी केली. "मंग दाब ना रे! थो काय म्हनंन, ह्याईले रीतभात नाई?"

ड्रायव्हरनं दाबला. एस.टी. शेजारून गेली, आणि तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात वर केला. मामाजींनी मागच्या सीटवरून त्याला नमस्कार केला.

मग मात्र त्यांना त्याचं वेडच लागलं. समोरचा आपल्या आधी दाबून जातो की काय, याची त्यांना धास्ती वाटायची. लांबवर ठिणगी दिसली की "दाब, दाब!" सायकलवाल्यासाठी दाब, बंडीखालच्या कंदिलासाठी दाब. एकदा एका शेतातल्या शेकोटीसाठी दाबायला लावला. शेकोटीनं काही परत दाबला नाही. मामाजी म्हणाले, "अडानी लोक."

त्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी मोकळ्या खळ्यात गाडी चालवून पाहिली. ड्रायव्हर शेजारी बसून सारखा याडीचा धावा करत होता. त्यांना पुढे जायला छान जमलं, वळायला जमलं नाही, आणि कडब्याच्या गंजीनं गाडी थांबवली. त्या उतरल्या, गंजीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "गंज वाटेत होती."

गाडी आमच्याकडे आणखी काही वर्षं होती. मग तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, तोवर साडूनंही नवीकोरी घेतली आणि मामाजींचा तिच्यातला जीव गेला. अमरावतीकडचा एक माणूस येऊन ती ओढून घेऊन गेला. आत्याबाई त्या दिवशी शेतात तूर सोंगायला गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या, तर अंगणात तेलाचा काळा डाग तेवढा होता. त्यांनी विळा ओसरीवर ठेवला, डागावर पायानं माती ओढली आणि मला हाक मारली.

"पोरी, उद्या सकाळी इथी शेण टाकून सारवून घेजो. लय ऊन येते इथी. वड्या घालू."